रक्ती हगवण

मेलेली कोंबडी घेऊन येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलणार, हे मला तो दारात चपला काढत असतानाच कळतं. “मैडम जी, हमारे यहाँ सफाई पूरी है.” हे बोलताना त्याच्या हातातल्या पिशवीला वास मारत असतो आणि कोंबडीच्या पिसांना ओला, काळा पडलेला भुसा चिकटलेला असतो. मी पूर्वी त्याच्याकडे बघून हसायचे. आता तेवढेही श्रम घेत नाही.

झाशीत इलाइट चौराह्याजवळ जनावरांच्या औषधांचं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमची तपासणीची जागा. मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरी संपली तरी इथे बसते, कारण घरी बसून नातेवाइकांची बोलणी ऐकण्यापेक्षा कोंबड्यांची आतडी बरी. कोंबडी उताणी ठेवायची, पाय खुब्यातून मोडून पसरायचे, पोट उघडायचं, आतडं लांबपर्यंत मोकळं करून कात्रीने चिरायचं, आतून खरवडून काचेवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. तिथे ते असतात. गोल, चकचकीत, दुहेरी कडेचे. कॉक्सिडिया त्यांचं नाव. आतड्याच्या अस्तरात घर करतात, अस्तर फोडून बाहेर पडतात, विष्ठेतून जमिनीवर येतात, ओल मिळाली की एकदोन दिवसांत पिकतात, आणि कोंबडी चोच मारते तेव्हा परत तिच्या पोटात जातात. जोर कमी असला तर पक्षी नुसता खुरटतो. जोर जास्त असला तर विष्ठेतून रक्त पडतं. मराठीत याला रक्ती हगवण म्हणतात. इकडे खूनी दस्त.

हा रोग कुठे नसतो, असं मला विचारलं तर आठवायला बराच वेळ लागेल. मोठ्या शेडमध्ये असतो, छोट्या शेडमध्ये असतो, खाद्यात औषध घालणाऱ्यांकडेही थोडा असतोच. लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्ल्यांतून गावठी कोंबड्या फिरतात. लोक त्यांना देशी, शुद्ध, ताकदीची वगैरे म्हणतात. त्यांच्या आतड्यात मला हे सापडतात, आणि वर शेवयांसारखे जंतही सापडतात. शहरात धूळ असते तसा हा कोंबड्यांत असतो. आणि तरीही सगळ्या बुंदेलखंडात असा एक माणूस मला भेटलेला नाही जो म्हणाला असेल की हो, माझ्याकडे असेल.

अशा माणसांची मला सवय होती. पण मग माझ्या धाकट्या दिरांना कोंबड्या पाळायची बुद्धी झाली.

आमच्या सासरची माणसं रेल्वेची. सासरे भुसावळहून बदलून इथे आले आणि इथलेच झाले. दीर रेल्वेत तिकीट तपासनीस होते. जन्मभर त्यांनी माणसं पकडली. संडासात लपलेली, वरच्या बर्थवर झोपेचं सोंग घेतलेली, दुसऱ्याचं तिकीट दाखवणारी. त्यामुळे जगात काही वाईट झालं की कोणीतरी ते केलेलं आहे आणि तो इथेच कुठेतरी दडून बसला आहे, अशी त्यांची पक्की समजूत. घरात दूध नासलं तरी ते आधी दूधवाल्याकडे बघत.

निवृत्तीनंतर त्यांनी बरुआसागरच्या रस्त्याला जमीन घेऊन ब्रॉयलरची शेड बांधली. मला आनंदच झाला होता, हे कबूल करते. घरात निदान एक माणूस माझ्या कामाचं काही विचारेल असं वाटलं. त्यांनी एकदाच विचारलं, आणि तेही शेड बांधून झाल्यावर. मी जाऊन बघितलं. पाण्याची भांडी गळत होती. वारा लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना जाड पडदे खाली सोडलेले. मी म्हटलं, “भाऊजी, पडदे वर घ्या. हवा खेळू द्या. आणि ही गळती बंद करा, खाली पसरलेलं भाताचं तूस ओलं राहता कामा नये.”

“वहिनी, पिल्लांना गारठा लागतो,” ते म्हणाले. “मी इंटरनेटवर सगळं वाचलंय. आणि फिनाईल मारतो रोज.”

“फिनाईलने यातलं काही मरत नाही.”

“बघू,” ते म्हणाले आणि मला शेडच्या दारावर लावलेला लिंबू-मिरच्यांचा हार दाखवायला घेऊन गेले.

पहिली पिल्लं उन्हाळ्यात वाढली. झाशीचा उन्हाळा असा की ओल टिकतच नाही, त्यामुळे ती तगली. दिरांना वाटलं की आपण तगवली. दुसरी पिल्लं पावसाळ्यात आली. ती चौथ्या आठवड्यात मरायला लागली.

आधी मला कळवलंच नाही. त्यांनी सगळ्यात आधी शेजाऱ्याकडे बघितलं. त्यांच्या कुंपणाला लागून दुसरी शेड होती. मालक तिथलाच, वयाने मोठा, पांढऱ्या मिशांचा. सगळे त्याला दाऊ म्हणत. या दाऊंचं आणि दिरांचं पाण्याच्या नळीवरून आधी वाजलेलं होतं. तेवढं दिरांना पुरलं. दाऊंनी आपल्या पाण्याच्या टाकीत विष टाकलं, असं त्यांनी जाहीर केलं. गावच्या प्रधानाकडे, म्हणजे इकडच्या सरपंचाकडे गेले, पोलिसात जाण्याची भाषा केली, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेलेल्या पिल्लांचे फोटो टाकले. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. एका आत्येसासूबाईंनी लिहिलं, कलियुग आहे.

मग जावेचा फोन आला. माझी जाऊ कमी बोलणारी. शेडवर तिने पाय ठेवलेला दिरांना चालत नसे. बायकांचं तिथे काय काम, असं ते म्हणत. ती म्हणाली, “ताई, तुम्ही रविवारी या. यांनी प्रधानांना बोलावलंय, दाऊंना बोलावलंय. तुम्ही सगळ्यांसमोर विष निघालं म्हणून सांगणार आहात, असं यांनी सांगून ठेवलंय.”

“मी सांगणार आहे?”

“हो. असंच सांगितलंय त्यांनी.”

मी रविवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. नवरा म्हणाला, घरातलं आहे, जरा सांभाळून बोल. मी त्याला म्हटलं, मी बोलणारच नाही, कापणार आहे.

शेडसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. प्रधान आलेले, त्यांच्याबरोबर गावातली रिकामी माणसं आलेली, दाऊ आपल्या दोन पुतण्यांसह एका बाजूला उभे. चहा फिरत होता. लग्नाची बोलणी असावीत तसा थाट. आणि पलीकडे शेडमध्ये, ज्यांच्यासाठी हे सगळं, ती पिल्लं पिसं फुलवून एकमेकांना टेकून उभी होती. डोळे अर्धे मिटलेले. तुरे पांढरे पडलेले. एक पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून तसंच राहिलं होतं. प्यायची ताकद नव्हती, नुसतं टेकलेलं. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मला राग आला तो त्या क्षणी आला, आणि खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही.

मी आत गेले, वाकले आणि मूठभर तूस उचललं. दाबलं. मूठ उघडली तर त्याचा लाडू झालेला. चांगलं तूस मुठीतून सुटून पडतं. तो लाडू मी तसाच हातात घेऊन बाहेर आले आणि प्रधानांच्या समोरच्या स्टुलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. त्यांनी कप उचलून घेतला.

मग एक टब पालथा घालून त्यावर पोतं अंथरलं आणि सकाळीच मेलेली पिल्लं मागवली. पहिल्याची अन्नाची पिशवी उघडली, हुंगली, आणि दिरांसमोर धरली. “उंदराच्या औषधाला लसणीसारखा वास येतो. इथे येतोय का बघा.”

त्यांनी तोंड फिरवलं. “वहिनी, तुम्ही सांगा ना फक्त.”

“सांगतेच आहे.”

मी आतडं मोकळं केलं. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात, एका बाजूने बंद. त्या बोटाएवढ्या फुगल्या होत्या आणि बाहेरूनच काळ्यालाल दिसत होत्या. मी एक चिरली. आतून रक्ताच्या गुठळ्या पडल्या. मागची माणसं पुढे सरकली.

“रक्त,” दीर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “बघा प्रधान जी. विषच.”

“हे विष नाही, भाऊजी. ही रक्ती हगवण आहे. तुमच्या ओल्या भुश्यातून आलेली. सगळ्या पिल्लांनी एकमेकांची विष्ठा खाल्ली आहे, कारण तुम्ही त्यांना दुसरं काही पायाखाली ठेवलंच नाही.”

हे मी मराठीत बोलले, आणि मग प्रधानांसाठी हिंदीत. हिंदीत बोलल्यावर दिरांना जास्त लागलं. ते माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, “वहिनी, चारचौघांत हे असलं काय बोलायचं? हगवण काय, विष्ठा काय. आपल्या घराण्याची काही...”

मला तेव्हा नीट कळलं. विष त्यांना चालत होतं. विषात एक इभ्रत आहे. ज्याला कोणी विष घालतं तो माणूस मोठा असतो, त्याचे वैरी असतात, त्याच्यावर लोक जळतात. हगवणीत काय आहे? गळकं भांडं आहे आणि आळस आहे. शेकडो जीव मेले तरी चालतील, पण ते आपल्या आळसाने मेले असं कोणी म्हणू नये. मी इतकी वर्षं ज्यांना तुच्छ मानत आले ती सगळी माणसं एकत्र होऊन माझ्याच दिरांच्या रूपाने समोर उभी होती, इस्त्रीचा शर्ट घालून.

एवढ्यात दाऊंना जोर चढला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हम तो पैलें सेई कै रए ते. सफाई नइयाँ इनके इतै. हमाई मुर्गी को कछू नईं होत.”

यांच्याकडे स्वच्छता नाही, आमच्या कोंबडीला काही होत नाही. हे वाक्य मी बुंदेलीत, हिंदीत, मराठीत, सगळ्यात ऐकलं आहे.

मी म्हटलं, “दाऊ, तो फिर एक अपनी भी मँगवा दीजिए.”

“काए खों?”

“देखने के लिए. बस.”

ते तयार होईनात. चांगला पक्षी का मारायचा, म्हणाले. मी म्हटलं, चांगला नको, आज सकाळी मेलेला असेल तो द्या. ते म्हणाले, आमच्याकडे मरतच नाहीत. तेव्हा प्रधान खुर्चीत पुढे झाले. त्यांना एवढ्या सकाळी उठून आल्याचं काहीतरी फळ हवं होतं. त्यांनी दाऊंच्या एका पुतण्याला नुसती मान हलवून खूण केली. पुतण्या गेला आणि पोत्यात गुंडाळलेला पक्षी घेऊन आला. मेलेला, आणि एकच नव्हे तर त्या पोत्यात आणखी होते. दाऊ दुसरीकडे बघत राहिले.

मी तो उघडला. दिरांच्या पिल्लांइतकी वाईट अवस्था नव्हती, पण पिशव्यांचं अस्तर सुजलेलं, जागोजागी रक्ताचे ठिपके. मी दोन्ही आतडी पोत्यावर शेजारी शेजारी ठेवली. एक जास्त लाल, एक कमी लाल. एवढाच काय तो फरक त्या दोन थोर घराण्यांत.

मला वाटलं, आता तरी कोणी विचारेल की पुढे काय करायचं. प्रधानांनी घसा साफ केला आणि विचारलं, “तो मैडम जी, पहले किसके यहाँ हुआ? मतलब किसने किसको दी?”

मी कात्री पुसून पिशवीत ठेवली. म्हटलं, कोणी कोणाला दिलेली नाही. कोंबडी जिथे आहे तिथे ही आहे. या रस्त्यावरच्या कुठल्याही शेडमधला पक्षी आणा, सापडेल. प्रश्न असते की नसते हा नाही, तुम्ही तिला किती वाढू देता हा आहे. मागून एकाने विचारलं, “खाने से हमें तो नहीं होगी?” मी म्हटलं, नाही, ही कोंबडीचीच असते, माणसाला होत नाही. त्याबरोबर गर्दीचं लक्ष उडालं. माणसाला होत नाही म्हटल्यावर कोणाला काय पडलंय. ज्याला त्याला आपापली कामं आठवली. प्रधान जाताना दिरांना म्हणाले की टाकीला कुलूप लावून घ्या, तरीही.

मी दिरांना औषधाचं नाव सांगितलं, पाण्यातून कसं द्यायचं ते सांगितलं, वरचा ओला थर काढून टाका म्हटलं. ते हो हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आमच्याच दुकानात आले आणि माझ्या खोलीत न डोकावता लिव्हरच्या टॉनिकच्या बाटल्या घेऊन गेले. दुकानदाराने मला संध्याकाळी सांगितलं, आणि वर म्हणाला की मैडम, मी काय करू, बाटलीवर मोठ्या कोंबड्याचं चित्र आहे म्हणून लोकांना तीच हवी असते. तो रोज माझ्या दारासमोर बसून ते रंगीत पाणी विकतो आणि रोज मला नमस्कार करतो.

पिल्लं मरतच राहिली. दीर शेडवर जाईनासे झाले. त्यांना म्हणे बघवत नव्हतं. घरी खाटेवर कपाळावर हात ठेवून पडून राहत, आणि फोन आला की विषाची गोष्ट पहिल्यापासून सांगत. हे मला जावेने सांगितलं. ती रिक्षाने माझ्याकडे आली होती, दुपारी, घरात कोणाला न सांगता. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “ताई, ते औषध मला द्या.”

“तू करशील? त्यांना चालेल?”

“ते झोपलेले असतात.”

मी तिला सगळं परत सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली. भांडी कशाने गळतात ते तिने विचारलं. मी म्हटलं वायसर असतील. दुसऱ्या दिवशी तिने वायसर बदलून घेतले, पडदे गुंडाळून वर बांधले, दोन बायका लावून ओला थर खोऱ्याने ओढून बाहेर काढला, कोरडं तूस टाकलं, आणि औषधाचं पाणी स्वतः भरलं. मी संध्याकाळी गेले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती भुश्यात उभी होती आणि खोऱ्याने तो खालवर करत होती. अंगाला अमोनियाचा वास. मला बघून म्हणाली, “डोळे चुरचुरतात हो. आणि ही बिचारी दिवसरात्र यात.” माझ्या इतक्या वर्षांच्या कामात पिल्लांबद्दल कोणी ‘बिचारी’ हा शब्द वापरलेला मी प्रथमच ऐकला.

आठवड्याच्या आत मरणं थांबलं. जी उरली ती खुरटलेलीच राहिली, पण उभी राहिली, खायला लागली.

दिरांनी याचा अर्थ लावायला वेळ घेतला नाही. गणपतीत आमच्याकडे सगळे जेवायला जमले होते. पंगत बसलेली, मोदक वाढून झालेले. दीर सांगत होते, “प्रधानांना मध्ये घातलं, सगळ्यांसमोर विषय काढला, टाकीला कुलूप लावलं, तसा तो दाऊ घाबरला. त्या दिवसापासून टाकायचं बंद. एक पिल्लू मेलं नाही मग.”

लोक वाहवा करत होते. एका मेव्हण्यांनी मला विचारलं, “वहिनी, तुम्ही होता ना तिथे?”

मी म्हटलं, “होते. विष नव्हतं. हगवण होती. आणि ती हिने थांबवली.” मी जावेकडे बोट केलं.

पंगतीत हगवण म्हणाले म्हणून सासूबाई कळवळल्या. कोणीतरी विषय बदलला. कोणीतरी तूप मागितलं. जाऊ तूप वाढत पुढे गेली. दिरांच्या पानाशी आली तेव्हा थांबली आणि आवाज न चढवता म्हणाली, “टाकीला तुम्ही कुलूप लावलंच नव्हतं. किल्लीसकट ते अजून माझ्याच डब्यात आहे.” आणि पुढच्या पानाकडे गेली. दिरांनी मोदक फोडला.

त्यानंतर शेड जावेच्याच हातात आहे. दिरांनी दिली नाही. त्यांनी जायचं सोडलं आणि तिने जायचं धरलं. तिच्याकडेही हा रोग आहेच. दर पावसाळ्यात थोडा डोकं काढतो, आणि ती विष्ठेचे नमुने डबीत घालून माझ्याकडे घेऊन येते. डबी टेबलावर ठेवते आणि म्हणते, “असणारच ताई, किती आहे तेवढं बघा.”

दीर आणि दाऊ यांची आता दोस्ती झाली आहे. संध्याकाळी कुंपणापाशी दोघे खुर्च्या टाकून चहा पितात. दोघांचं एकमत झालं आहे की खरा दोष पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा. ते मुद्दाम रोगी पिल्लं यांच्याच रस्त्याला पाठवतात. परवा मी तिथे गेले होते. दाऊंनी मला खुर्ची दिली, आदराने मैडम जी म्हणाले, आणि मग दोघांनी मिळून मला ते सगळं समजावून सांगितलं. मी चहा संपवला आणि शेडमध्ये जावेकडे गेले. ती एका पिल्लाला उचलून त्याचा तुरा उजेडात बघत होती.